जरा जाऊन येतो

सगळे हसले तेव्हा नानाही हसले. फक्त जरासे उशिरा.

तो उशीर एवढुसाच होता, की टेबलावरच्या दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आला नसेल. मी मात्र त्यांच्या बरोबर समोर बसले होते, हातात मसालेभाताचा डाव. जूनमधल्या रविवारची संध्याकाळ, नऊ वाजून गेले तरी खिडकीबाहेर उजेड रेंगाळत होता. नवऱ्याच्या ऑफिसातली दोन इंग्रज जोडपी जेवायला आली होती. त्यांच्यासाठी म्हणून वांग्यांत तिखट निम्मंच घातलं होतं आणि नाना आपल्या ताटात वरून हळूच लाल तिखट भुरभुरून घेत होते. बोलता बोलता आदल्या आठवड्यातल्या थेटफर्डच्या सहलीचा विषय निघाला आणि मला चेव आला. ए-११ रस्त्यावर नानांना कशी घाई झाली, मी पेट्रोलपंपाशी गाडी कशी वळवली, आणि आत काउंटरवरच्या पोरीसमोर उभं राहून ते काय म्हणाले. नुसतं सांगितलं असतं तर चाललं असतं. मी नक्कल केली. मान किंचित पुढे, हात पाठीमागे बांधलेले, प्रत्येक शब्द शिक्का मारल्यासारखा सुटा: ‘मॅडम, काइंडली एक्सक्यूज. आय हॅव टू गो फॉर वन नंबर.’

हशा पिकला. ‘वन नंबर’ म्हणजे काय ते समजावून सांगितल्यावर आणखी पिकला. एका पाहुण्याने तर चष्मा काढून डोळे पुसले. नाना हसले, ‘करेक्ट, करेक्ट’ म्हणाले, मग मांडीवरच्या कागदी रुमालाची त्यांनी काठाला काठ जुळवून घडी घातली, संध्याकाळी व्हाउचरांचा गठ्ठा जुळवतात तशी, आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, ‘जरा जाऊन येतो.’ जिन्याखालच्या संडासाचं दार त्यांनी इतकं हळू लावलं, की कडीचा आवाजही आला नाही. परत यायला नेहमीपेक्षा वेळ लागला. तोवर आमच्या गप्पा घरांच्या किमतींवर गेल्या होत्या.

आम्ही केंब्रिजजवळच्या एका खेड्यात राहतो. आई गेल्यापासून नाना, माझे वडील, दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात येतात. वय ७६. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची सहा देवळाली कॅम्पात शाखाधिकारी म्हणून. इथे त्यांना दिवस फार मोठा पडतो. बागेतल्या गवताला पाणी घालतात (पाऊस पडून गेलेला असला तरी), पोस्टमनशी हवामानावर बोलतात, आणि शनिवारची वाट बघतात. शनिवारी संध्याकाळी बीबीसी टू वर ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेचे जुने भाग लागतात. पहिला भाग ३१ जुलै १९६८चा, शेवटचा १३ नोव्हेंबर १९७७चा, एकूण ८०. त्यातले तीन तर बीबीसीच्याच हातून कायमचे हरवलेत. उरलेल्यांवर हा देश अजून जेवतोय म्हणा ना. ज्यांनी ते काढले ते गेले, ज्यांनी त्यात कामं केली ते गेले. पण शनिवारी तुतारी वाजते, नकाशावर बाण सरकतात, आणि आमच्या शेजारचे आजोबा भिंतीपलीकडे आमच्याआधी हसतात, कारण त्यांना पुढचं वाक्य पाठ असतं.

गोष्ट म्हटली तर काहीच नाही. १९४० सालचा मे महिना, फ्रान्स कोसळतोय, हिटलर आज येतो की उद्या अशी धाकधूक. १४ मेच्या रात्री मंत्री अँथनी ईडन रेडिओवर सांगतो, की १७ ते ६५ वयाच्या, फौजेत नसलेल्या पुरुषांनी गावाच्या राखणीसाठी नावं द्यावीत. लोक अक्षरशः पोलीस चौक्यांवर लोटले. बंदुका नव्हत्याच. कुणी झाडूचे दांडे आणले, कुणी शिकारीच्या जुन्या बंदुका. पुढे सरकारने लोखंडी नळीच्या टोकाला संगीन जोडून चक्क भाले वाटले, आणि ते बघून लोकांनी कपाळाला हात लावला. हेच ते होमगार्ड. समुद्रकाठच्या वॉल्मिंग्टन नावाच्या काल्पनिक गावात अशी एक तुकडी उभी राहते आणि तिचा कॅप्टन होतो गावातल्या बँकेचा मॅनेजर. कुणी नेमतं म्हणून नव्हे. तो आपला खुर्चीत बसतो आणि म्हणतो, मी होतो.

इथेच नाना सरसावून बसले होते. ‘बरोब्बर,’ म्हणाले, ‘मॅनेजरने नाही घ्यायचा चार्ज तर कोणी घ्यायचा?’

नानांना इंग्रजी उच्चार निम्मेच कळतात म्हणून आम्ही खाली अक्षरं लावतो. पहिल्याच दिवशी त्यांनी आक्षेप घेतला. ‘लिहिलंय मेनवेअरिंग, आणि म्हणतायत मॅनरिंग. काय भानगड आहे?’ भानगड काही नाही, इथली आडनावं तशीच. पण त्या कॅप्टन मॅनरिंगला त्यांनी जो जवळ केला तो कायमचा. आर्थर लो नावाचा नट. ठेंगणा, गुबगुबीत, चष्मा नाकावर, छाती पुढे. स्वतःच्या महत्त्वाने इतका फुगलेला, की टाचणी लागण्याची भीती त्यालाच सगळ्यात जास्त. (लो स्वतःही काही कमी नव्हता. आपली विजार उतरवण्याचा प्रसंग लिहायचा नाही, असं त्याने करारातच घालून घेतलं होतं म्हणतात.) त्याच्या हाताखाली बँकेत हेडक्लार्क आणि तुकडीत सार्जंट असलेला विल्सन: उंच, देखणा, खानदानी, आळसावलेला. मॅनरिंग हुकूम सोडतो, विल्सन भुवई उचलून हळूच विचारतो, हे शहाणपणाचं होईल का, सर? बस, एवढंच. मॅनरिंग साध्या शाळेतून घासून घासून वर आलेला, विल्सन मोठ्या घरचा आणि बड्या शाळेतला. ज्या क्लबात शिरायला मॅनरिंग वर्षानुवर्षं धडपडतोय, तिथे विल्सनला एका भागात आपणहून बोलावतात. हे सगळं इंग्रजांच्या वर्गाच्या भानगडींचं आहे, ते नानांना समजावून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, ‘हा हेडऑफिसातनं ओळख लावून आलेला दिसतोय. असले लोक काम करत नाहीत, पण सगळ्यांना आवडतात.’ मी गप्प बसले. समीक्षेची पुस्तकं लिहितात लोक यावर.

विल्सन झालेल्या जॉन ले मेझरिएची एक गंमत मी त्यांना सांगितली. पडद्यावर सार्जंट असलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात खराखुरा कॅप्टन होता, आणि त्यातला बराच काळ हिंदुस्थानात होता. १९८३ साली तो गेला, तेव्हा त्याच्याच इच्छेने ‘टाइम्स’मध्ये निवेदन आलं, की जॉन ले मेझरिए १५ नोव्हेंबरला ‘आटोपले’, आणि घरच्यांची व मित्रांची त्यांना फार आठवण येते. नाना ह्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आपल्याकडे पेपरवाले घेणार नाहीत असं.’

पण मला सांगायचंय ते गॉडफ्रीबद्दल.

तुकडीत एक गॉडफ्री आहे. सगळ्यात म्हातारा, सगळ्यात मऊ. आयुष्यभर दुकानात गिऱ्हाइकांना कपडे दाखवले, आता दोन अविवाहित बहिणींबरोबर छोट्याशा घरात राहतो. कवायत ऐन रंगात आली, शत्रू दारात आला, मॅनरिंगचं भाषण टिपेला पोचलं, की मागच्या रांगेतून नम्र आवाज येतो: मी जरा जाऊन येऊ का, सर? बस, हाच त्याचा विनोद. लघवी. आपल्याकडे हे पात्र कुणी लिहिलं असतं, तर धोतर सावरत पळताना दाखवलं असतं. इथे तो पळत नाही, ओशाळतही नाही. तो विचारतो, आणि त्याला जाऊ देतात. मॅनरिंग वैतागून डोळे मिटतो, पण सहसा ‘नाही’ म्हणत नाही. थंडीत तो कुडकुडत उभा असतो तेव्हा कुणीतरी त्याच्या हातातली जड वस्तू घेतं. त्याला उठता येत नाही तर दोघं काखेत हात घालून उठवतात, आणि कॅमेरा त्यावर रेंगाळतही नाही.

तो नट होता आर्नोल्ड रिडली. मालिका सुरू झाली तेव्हा ७२ वर्षांचा, संपली तेव्हा ८१. निर्माता डेव्हिड क्रॉफ्टने त्याला आधीच विचारलं होतं, अधूनमधून धावपळ करावी लागेल, जमेल ना? जमेल म्हणाला. न जमण्याची कारणं त्याच्या अंगावर होती. १९१६ साली सॉमच्या लढाईत जर्मन शिपायाच्या बंदुकीचा दस्ता त्याच्या डोक्यात बसला होता, जांघेत संगीन घुसली होती, डावा हात जवळपास निकामी झाला होता. अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास जन्मभर राहिला. १९३९ला पुन्हा युद्ध लागल्यावर हा माणूस पुन्हा फौजेत गेला, आणि १९४०च्या मेमध्ये फ्रान्समधल्या बुलोन्यातून कसाबसा परत आला. मधल्या काळात नाटककार झाला: एका आडस्टेशनावर रखडला असताना सुचलेलं ‘द घोस्ट ट्रेन’ हे नाटक १९२५पासून लंडनमध्ये वर्षाहून अधिक काळ चाललं. पहिल्या युद्धातून जखमी होऊन घरी आला तेव्हा रस्त्यात एका बाईने त्याच्या हातात पांढरं पीस ठेवलं होतं. धडधाकट दिसतोस आणि लढायला जात नाहीस, भेकड आहेस, असा त्या पिसाचा अर्थ. जखमी सैनिकाचा बिल्ला त्याच्याजवळ होता. तो खिशात होता, छातीवर नव्हता. त्याने पीस घेतलं आणि चालू लागला.

‘ब्रँडेड’ नावाचा १९६९चा एक भाग आहे. गॉडफ्री राजीनाम्याचं पत्र देतो. का, तर घरात उंदीर झाला होता, त्याला मारायला गेला आणि हात उचलेना. मग जर्मन माणसाला कसा मारणार? चौकशीत निघतं, की पहिल्या महायुद्धातही त्याने शस्त्र धरायला नकार दिला होता. सगळी तुकडी त्याला वाळीत टाकते. कालपर्यंत ज्यांनी काखेत हात घातले, ते आज त्याच्याशेजारी बसत नाहीत. मग एका सरावात धुराने भरलेल्या खोपट्यात मॅनरिंग अडकतो आणि त्याला ओढून काढायला आत जातो तो हा म्हातारा. पुढे आजारी गॉडफ्रीला भेटायला सगळे त्याच्या घरी जातात. पलंगावर भिंतीला एक फोटो टांगलेला असतो, गणवेशातल्या तरुण माणसाचा, छातीवर पदक. बहीण सहज सांगते: सॉमला तो जखमींना उचलून आणायला गेला होता, गोळ्यांच्या माऱ्यात. मॅनरिंग विचारतो, मग पदक का लावत नाही? गॉडफ्रीला ते जरा मिरवल्यासारखं वाटतं.

हा भाग मी नानांबरोबर थेटफर्डला जाण्याच्या आदल्या शनिवारी पाहिला. शेवटाला नानांनी चष्मा काढून पुसला, आणि उठले, आणि म्हणाले, ‘जरा जाऊन येतो.’ मी आणि माझा मुलगा एकमेकांकडे बघून फस्सकन हसलो. त्यांच्या पाठीमागे. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, असं मी अजूनही म्हणेन. गॉडफ्री आमच्याच घरात निघाला, याचं ते हसू होतं.

थेटफर्ड आमच्याकडून तासाभराच्या आत. मालिकेतलं वॉल्मिंग्टन समुद्रकाठी असलं, तरी बाहेरचं बरंचसं चित्रण या नॉरफकमधल्या गावात आणि भोवतीच्या लष्कराच्या सरावाच्या रानात झालं. टाउनहॉल म्हणून दिसते ती इथली गिल्डहॉलची इमारत, आणि नट मंडळी उतरायची ती इथल्याच दोन हॉटेलांत. नदीकाठी कॅप्टन मॅनरिंगचा ब्राँझचा पुतळा आहे, २०१०मध्ये बसवलेला. म्हणजे पुतळा बाकावर बसलाय, मांडीवर छडी आडवी, आणि शेजारी जागा मोकळी ठेवलीय, लोकांनी बसून फोटो काढावा म्हणून. नाना त्या जागेवर असे बसले, की मला फोटो काढताना मोबाइल जरा खाली घ्यावा लागला, दोघं एकाच उंचीचे दिसावेत म्हणून. पाठ ताठ, टोपी सरळ, दोन्ही हात गुडघ्यांवर. ‘झाला का?’ विचारलं, तर ओठ न हलवता. ब्राँझच्या हाताला उन्हाचा चटका होता. त्यांनी तरी त्यावर हात ठेवला आणि काढला नाही. तिथून जवळच, नदीतल्या छोट्याशा बेटावर, घोड्यावर बसलेला महाराजा दुलीपसिंग आहे. लाहोरचं राज्य लहानपणी गेलं, कोहिनूर गेला, आणि मग इथे एल्व्हडनला इस्टेट घेऊन साहेबासारखी शिकार करत राहिला. नानांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं, पाटी वाचली, आणि म्हणाले, ‘याच्याशेजारी बसायला जागा नाही ठेवली.’

परतीच्या वाटेवर ते वन नंबर.

शेजारच्या आजोबांना आम्ही कुठले ते मागेच सांगितलं होतं. देवळाली म्हटल्यावर ते उजळले होते. ‘डूलॅली!’ इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात, आणि तो शब्द आमच्या गावाचा आहे हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. नाशिकशेजारच्या या छावणीत गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडून राहायचे. महिनोन् महिने काम नाही, ऊन, ताप, दारू. त्यातले काही खुळावायचे. मूळ शब्द ‘डूलॅली टॅप’. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. नाना हे ऐकून खूश झाले. म्हणाले, ‘मग आपल्या शाखेत सगळ्यांनाच होता तो.’

त्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी नानांना प्रेमाने एक डीव्हीडीचा संच आणून दिला. ‘इट एन्ट हाफ हॉट मम’. ‘डॅड्स आर्मी’ ज्यांनी लिहिली त्याच जोडीची, जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्टची, १९७४ ते १९८१ चाललेली मालिका. आणि ती घडते कुठे? १९४५ साली, निदान सुरुवातीला तरी, देवळालीत. शिपायांची एक नाटक कंपनी असते, बायकांची सोंगं घेऊन, गाणी म्हणून सैन्याची करमणूक करणारी. आणि तिच्यावर सतत किंचाळणारा मिशाळ सार्जंट मेजर. पेरी स्वतः युद्धाच्या शेवटी देवळालीत अशाच कंपनीत होता, आणि क्रॉफ्ट पुण्यात लष्कराचा करमणूक अधिकारी. एका वेळी दोघं आपल्याकडचं ऊन खात होते. मी आयुष्यात प्रथमच इंग्रजी मालिकेत ‘देवळाली’ ही अक्षरं पाहिली आणि सोफ्यावर मांडी घालून बसले.

मग तो बेअरर रंगी राम आला. डोक्याला पागोटं, तोंडावर तपकिरी रंग. मायकल बेट्स नावाचा इंग्रज नट. तसा झाशीचा जन्म, गुरख्यांबरोबर ब्रह्मदेशात लढलेला, हिंदुस्थानी बोलता येणारा. पण रंग तो रंगच. साहेबांच्या पुढेपुढे करतो, इतर नेटिवांना हाकलतो, आणि बोलताना ‘आम्ही ब्रिटिश’ म्हणतो. मागे पंख्याची दोरी ओढत बसलेला एक आणि चहाची किटली घेऊन फिरणारा एक, हे दोघं मात्र आपल्या बाजूचे नट. पंखेवाला आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटतो ते इंग्रज प्रेक्षकांना कळत नाही, आणि मला कळलं तेव्हा मी हसले. नाना शांतपणे बघत होते. ‘हा आपला नाही,’ म्हणाले, ‘पण बोलतो बरा.’ थोड्या वेळाने: ‘देवळालीत असली झाडं नाहीत.’ दुसरा भाग लावू का विचारलं, तर म्हणाले, नको, झोप येतेय. अकरा वाजताही ज्यांना झोप येत नाही ते नाना, पावणेनऊला.

आता बीबीसी ही मालिका सहसा पुन्हा दाखवत नाही, आणि त्यावर इथे अधूनमधून वाद होतात. लिहिणाऱ्यांचं म्हणणं असे, की आम्ही पाहिलं तसं लिहिलं. बेअरर असेच होते. असतीलही. मला त्या वादात फार रस नाही. मला नवल वाटतं ते हे, की माणसं तीच, विनोदाची भट्टी तीच, प्रत्येकाला एकेक ठरलेलं वाक्य देण्याची युक्ती तीच; मग एकीत गॉडफ्रीसाठी पोटात तुटतं आणि दुसरीत रंगी रामसाठी काहीच का होत नाही? ‘डॅड्स आर्मी’त एक सतरा वर्षांचा पोरगा आहे, पाइक. आई गळ्यात मफलर गुंडाळून पाठवते, कॅप्टन उठता बसता ‘मूर्ख कार्टं’ म्हणतो. पकडलेला जर्मन पाणबुडीवाला एका भागात त्याला धमकावतो, तुझं नाव यादीत टाकतो, काय नाव तुझं? आणि मॅनरिंग ओरडतो, ‘सांगू नको त्याला, पाइक!’ (हे नानांनी फोनवर देवळालीच्या मित्राला सांगितलं, पण आधीच पाइकचं नाव सांगून बसले.) तो पाइक म्हणजे जिमी पेरीच. पोरसवदा वयात होमगार्डात गेलेला, आईला काळजी असलेला. पेरीला त्या रांगेतला प्रत्येक म्हातारा माहीत होता, कारण तो रांगेच्या टोकाला उभा होता. देवळालीच्या छावणीत रंगी रामसारखे जे कोणी असतील, ते संध्याकाळी कॅम्पातून बाहेर पडून कुठे जायचे, कुणाच्या फोटोला हार घालायचे, हे त्याला कुठून कळणार होतं?

आमच्या घरात एक उत्तर होतं त्याचं. नानांचे वडील, माझे आजोबा, तरुणपणी कॅम्पात गोऱ्यांच्या मेसला दूध घालायचे. पहाटे सायकलच्या दोन्ही बाजूंना बरण्या, पावसात डोक्यावर गोणपाटाची खोळ. ते घरी येऊन मेसच्या साहेबाची नक्कल करायचे: पाय फाकवून उभं राहायचं, तोंडात विडीचा पाइप करायचा आणि ओरडायचं, ‘एऽऽ डूडवाला! पानी किटना? डूड किटना?’ सगळी आळी जमायची म्हणे. नानांनी ही नक्कल उचलली, नानांकडून मी. मी सहा वर्षांची असताना लग्नाकार्यात पाटावर उभं करून माझ्याकडून ‘डूडवाला’ करून घ्यायचे आणि पाहुणे रुपया द्यायचे. म्हणजे नकला दोन्हीकडून चालल्याच होत्या. त्यांच्या नकलेला टीव्ही मिळाला, आमच्या नकलेला आळी.

हे सगळं माझ्या डोक्यात त्या रविवारी पाहुणे गेल्यावर, भांडी घासताना. नक्कल करायला मला नानांनीच शिकवलं. पण ‘डूडवाला’ करताना समोर कोण बसलंय हे आजोबांना ठाऊक होतं. मी कुणासमोर केली? आणि शनिवारी मुलाबरोबर हसले ते, आणि रविवारी त्या चौघांना हसवलं ते, माझ्या लेखी एकच होतं. नानांच्या लेखी नसावं. शनिवारचं त्यांना ऐकू आलं होतं का, हेही मी विचारलेलं नाही. मी कढई पुसत होते तेव्हा ते पाणी प्यायला आले. मी म्हटलं, ‘नाना, मघाशी ते मी...’ ते म्हणाले, ‘भात मोकळा झाला होता आज.’ पेला धुऊन पालथा घातला आणि वर गेले. बँकेत इन्स्पेक्शनच्या दिवशी कुणाची चूक निघाली, तर ती त्याच्यासमोर काढायची नाही, हा त्यांचा नियम होता. मला वाटतं, तोच त्यांनी मला लावला. की मला तसं वाटलेलं सोयीचं आहे, कोण जाणे.

जुलैत ते परत गेले. ‘डॅड्स आर्मी’ मी एकटी बघत राहिले. जेम्स बेक नावाचा नट, काळाबाजारवाला वॉकर, १९७३ साली चव्वेचाळिसाव्या वर्षी अचानक गेला, तो काळ आला. पहिल्या महायुद्धात लढलेले रिडली आणि जॉन लॉरी हयात, आणि हा गेला. पुढच्या एका भागात तुकडी रांगेत उभी राहते आणि वॉकरच्या जागी जमिनीवर एक चिठ्ठी असते: काही दिवस लंडनला जातोय, एक सौदा आहे. मग तो विषय पुन्हा निघत नाही. रांग पुढे सरकून ती जागा भरतही नाही त्या दिवशी. इतक्या वेळा पाहिलेल्या मालिकेत मला ती चिठ्ठी या वर्षी पहिल्यांदा दिसली.

परवा नानांचा फोन आला. कॅम्पात बिबट्या फिरतोय. नाशिककडे हे आता नेहमीचंच झालंय, उसातून येतो, कुत्री उचलतो. वनखात्याने पिंजरा लावलाय, पण तोवर कॉलनीतल्या लोकांनी रात्री दहा ते बारा गस्त सुरू केलीय. तरुण मंडळी सगळी पुण्याला नाहीतर दुबईला, त्यामुळे गस्तीवर कोण, तर पेन्शनर. सात जण. दोन बॅटऱ्या, तीन काठ्या, एक पत्र्याचा डबा. मी म्हटलं, ‘नाना, थंडी आहे, आणि तुम्हाला सारखं...’ आणि मधेच थांबले. त्यांनी ते ऐकलं. म्हणाले, ‘त्याची सोय झालीय. गस्तीचा थांबा आपल्याच गेटपाशी ठेवलाय. खुर्च्याही आपल्याच. मी आत जाऊन येईपर्यंत बाकीचे थांबतात.’ मला डोळ्यासमोर दिसलं ते सगळं: मफलर, कानटोप्या, बॅटरीचा पिवळा उजेड, दाराची हळूच लावलेली कडी, आणि बाहेर थांबलेले सहा म्हातारे. माझा गॉडफ्री.

‘आणि बिबट्या खरंच आला तर?’ मी विचारलं.

‘तर शिट्टी वाजवायची.’

‘शिट्टी कुणाकडे असते?’

‘हा काय प्रश्न झाला?’ नाना म्हणाले. ‘मॅनेजर कोण होता?’